हरणीचा ओटा

कुत्र्यानं चॉकलेट खाल्लं तर काय करायचं, हे दौंडात माझ्या ओळखीच्या बऱ्याच लोकांना आता तोंडपाठ आहे, कारण मी ते त्यांच्याकडून घोकून घेतलं आहे. काय खाल्लं, किती खाल्लं आणि कधी खाल्लं, एवढं विचारायचं. चॉकलेटचा कागद उरला असेल तर तो खिशात घालायचा आणि जनावराला उचलून डॉक्टरकडे न्यायचं. त्याला काही होतंय का हे बघत बसायचं नाही, कारण दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. घरच्या घरी मिठाचं पाणी, तेल, दूध असलं काही त्याच्या नरड्यात ओतायचं नाही. शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हा दर वर्षी एखाद्या तासाला पुस्तक मिटून मी एवढंच सांगायचे. मुलांना वाटायचं, बाईंना आज शिकवायचा कंटाळा आलाय. परवा आमच्या इमारतीत कुणाचा तरी वाढदिवस झाला आणि खाली जिन्यापाशी राहणाऱ्या कुत्र्यानं चॉकलेटच्या केकचा डबा चाटूनपुसून साफ केला. तिसऱ्या मजल्यावरची बाई हसत म्हणाली, "मॅडम, बघा ना, त्याचीपण पार्टी झाली." मी तिच्यावर ओरडले. मग रिक्षा बोलावली आणि कुत्र्याला दवाखान्यात नेलं. ते वाचलं. संध्याकाळी ती बाई मला म्हणाली, "या वयात एवढ्याशा गोष्टीवरनं इतकं चिडायचं असतं का हो?" हे प्रकरण तिनं वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढे, नदीच्या अंगाला आमची वस्ती होती. दोन भावांचं एकच घर, वर पत्रे, पुढे शेणानं सारवलेलं मोठं अंगण. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. माझे थोरले चुलते, आप्पा, यांनी ती विकून ऊस लावला आणि आम्ही शेतकरी झालो. मेंढरांबरोबरची घोंगडी गेली, काठ्या गेल्या, मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी गेली. राहिली फक्त हरणी. ती मेंढरांची कुत्री. अंगानं सडपातळ, मातकट रंगाची, एक कान कायम दुमडलेला. मेंढरं गेल्यावर तिचं काम संपलं, पण हे तिला कोण सांगणार? दिवस मावळतीला लागला की ती वस्तीभर हिंडून जे काही सुटं दिसेल ते अंगणात गोळा करायची. कोंबड्या, करडं, चुलत्यांची नातवंडं. शेजारच्या वस्तीवर खेळायला गेलेल्या पोरांच्या पायांत ती घुटमळायची, फेऱ्या मारायची, हलकेच ढोपराला नाक लावायची आणि त्यांना घराकडे वळवायची. चावली कुणालाच नाही. चुलीवर भाकरीचा थाप-थाप आवाज, विहिरीवरच्या मोटारीची घरघर आणि हरणीचं दोन-दोनदा तुटक भुंकणं, ही आमच्या घराची संध्याकाळ. मी शिरूरला कॉलेजात जायला लागले तेव्हा ती रोज मला एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला यायची. मलाही ती मेंढरातच धरत असावी.

घरात शब्द आप्पांचा. माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, दिवसभर राबायचे आणि आप्पांपुढे मान खाली घालायचे. आई कासुर्डीची. आप्पा अंगणात असले की ती पदर पुढे ओढून भिंतीकडेनं चालायची. थोरल्या दिरापुढे बाईनं बोलायचं नसतं. आप्पांना काही सांगायचं असेल तर ती मला सांगायची, मी भाऊंना आणि भाऊ आप्पांना. आप्पांचं उत्तर त्याच वाटेनं उलटं यायचं. मी त्या घरात कॉलेजात जाणारी पहिलीच होते. ते आप्पांना का चाललं, तर सोसायटीच्या चेअरमनची मुलगी जात होती म्हणून. चाललं, एवढं मात्र खरं, आणि त्याचा उपकार मी विसरलेले नाही. पुढचं लिहिताना माझी लेखणी कडक होणार आहे, म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

घराचं दैवत खंडोबा. चंपाषष्ठीचा दिवस आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा. पावसाळ्यापासून बंद असलेलं वांगं त्या दिवशी घरात यायचं. पहाटे आई आणि चुलती चुलीच्या निखाऱ्यात वांगी भाजायच्या. करपलेल्या सालीचा वास, पातीचा कांदा, ठेचलेला लसूण, बाजरीचे जाडजूड रोडगे आणि वर तुपाची धार. मग पुरुषमंडळी तळी उचलायची. ताटात खोबरं, पान, सुपारी, हळदीचा भंडारा, आणि "सदानंदाचा येळकोट" म्हणत ताट वर जायचं. देवाला दाखवलं की पहिला घास कुत्र्याचा. कुत्रं खंडोबाचं जनावर. त्या दिवशी हरणीच्या कपाळाला भंडारा लागायचा, तिला पाट मांडून वाढायचे आणि तिचं खाणं होईपर्यंत घरातलं कुणी जेवत नसे. मला हे फार आवडायचं, आजही आवडतं. ज्या जनावरानं पिढ्या राखल्या त्याला वर्षातून एकदा आपल्या आधी जेवू घालायचं, यात काय वाईट आहे? वाईट पुढे आहे.

त्या वर्षी सणाला दाजी आले होते. दाजी म्हणजे आप्पांचे जावई, माझ्या चुलतबहिणीचा नवरा. पुण्याकडच्या कुठल्याशा कारखान्याच्या गोदामावर सुपरवायझर. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, मोटारसायकल आणि बोलण्यात "मटेरियल", "लोडिंग", "शिफ्ट". जावई म्हटल्यावर त्यांना कुणी उलट बोलायचं नाही. त्यांनी डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लादी काढली. विटेपेक्षा पातळ, तपकिरी, जवळजवळ काळी.

"काय हो पाव्हणं हे?" आप्पांनी विचारलं.

"फॉरेनचा माल हाय, मामा. चॉकलेटच म्हणायचं, पर असलं दुकानात मिळत न्हाई. मोठ्या लोकांचं खाणं."

लादीला मूळचा कागद नव्हता. तो त्यांनी वाटेतच कुठंतरी सोलून फेकला होता. का, ते मला नंतर कळलं. माल गोदामातून उचललेला होता आणि कागदावर कारखान्याचं नाव होतं. त्या कागदावर आणखीही काही लिहिलेलं असणार. निदान एवढं तरी, की ही साखर न घातलेली, बेकरीत वितळवून वापरायची लादी आहे, खायची नव्हे.

जावयानं आणलेलं म्हणून ती लादी तळीच्या ताटात गेली. देवापुढे ठेवली, येळकोट झाला, मग आप्पांनी तळीचा प्रसाद म्हणून कोपरा मोडून तोंडात टाकला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. जुलाबाचं औषध चाखावं तसे त्यांचे ओठ मुडपले. चुलतीनं तुकडा पदरात थुंकला. पोरांनी अंगणात जाऊन चुळा भरल्या. मी एक कपचा जिभेवर ठेवला, तो कडूजहर लागला, म्हणून रुमालात गुंडाळून ठेवला. दाजी कसनुसे हसले. "सवय लागते याची," ते म्हणाले.

आता पेच पडला. खाता येत नाही आणि देवापुढचा नैवेद्य टाकूनही देता येत नाही. शिवाय टाकला तर जावयाचा अपमान. आप्पांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "देवाचं हाय, देवाच्या जनावराला घाला. हरणीला चारा सगळं." सगळ्यांना पटलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आईला निरोप गेला. आईनं लादी वरवंट्यानं फोडली, रोडग्यात कुस्करली, कडवटपणा लपावा म्हणून वर सढळ तूप ओतलं आणि पाटावर ठेवलं. हरणी तुपाच्या वासानं आली, शेपूट हलवत सगळं खाल्लं आणि ताट चाटून पार अंगणभर सरकवत नेलं. मग आम्ही जेवलो.

दुपारी उन्हं कलायच्या आधी तिला उलटी झाली. आईनं माती लोटली. मग ती पाणी प्यायला लागली, हौदावरून उठेचना. मग धावायला लागली. अंगणाला फेऱ्यांवर फेऱ्या, जीभ बाहेर, डोळे फाटलेले. पोरांना वाटलं ती खेळतेय. थोड्या वेळानं ती तुळशीपाशी थांबली आणि तिचं सगळं अंग थरथरायला लागलं. पायांपासून दुमडलेल्या कानापर्यंत.

आप्पा ओसरीवरून उठले. त्यांनी भंडाऱ्याची वाटी घेतली, हरणीच्या पाठीवर मूठभर उधळला आणि हात जोडले. "आलं," ते म्हणाले. "अंगात आलं. आजच्या दिवशी आलं."

हे लिहिताना आजही माझे कान तापतात. एक मुकं जनावर विषानं तडफडत होतं आणि माझं सगळं घर त्याच्या पाया पडत होतं. कुणीतरी हलगी आणली. शेजारच्या वस्त्यांवर निरोप गेले. बायका ओट्या घेऊन आल्या. हरणीनं पडून राहायचा प्रयत्न केला की दाजी तिला पोटाखाली हात घालून उभी करायचे, का, तर देव खेळतोय. त्या माणसाला काय चारलंय ते ठाऊक होतं. ते विष आहे हे नसेल ठाऊक, पण ते काय आहे आणि कुठनं आणलंय हे नक्की ठाऊक होतं. तो हलगीच्या तालावर मान डोलवत होता.

मी भाऊंना बाजूला ओढलं. "भाऊ, तिला बाधलंय ते. डॉक्टरला आणू."

"आप्पांना इचार," ते म्हणाले.

"तुम्ही विचारा."

भाऊंनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग चुलतभावाची सायकल घेतली. उसाच्या गाड्यांनी उखणलेल्या रस्त्यानं तळेगाव गाठलं. गुरांचे डॉक्टर सरकारी दवाखान्याच्या मागं राहायचे. सुट्टी होती, ते दारात मुलीला आंघोळ घालत होते. मी धापा टाकत सांगितलं आणि रुमालातला तुकडा पुढे केला. त्यांनी वास घेतला, जिभेला लावला आणि साबणाच्या हातानंच उठले. "हे किती खाल्लंय?" मी दोन्ही हात पसरून लादीचं माप दाखवलं. "कधी?" "सकाळी, तळी झाल्यावर." ते आत धावले. पेटी घेतली, मला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि वाटेत ओरडून सांगत राहिले, की चॉकलेटमधला एक अर्क कुत्र्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, काळीज घोड्यासारखं पळायला लागतं, लगेच आणलं असतं तर औषधानं उलटी करवली असती, कोळशाची पूड पाजली असती. आता कंप थांबवायचं इंजेक्शन आणि सलाईन, एवढंच हातात.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पा आडवे आले.

"डाक्टर, आज सुई टोचायची न्हाई. देव उतरू द्या, मग बघा."

"आप्पा, हा देव नाही. विषबाधा आहे."

"आवाज खाली. आमच्या दारात उभं ऱ्हाऊन कुणाला इख म्हणता?"

डॉक्टर तरुण होते, परगावचे होते. त्यांनी गर्दीकडे बघितलं. मग दाजींना विचारलं, "तुम्ही आणलं ना हे? किती होतं? पाकीट आहे का?"

दाजींनी अंगठ्याचं पेर दाखवलं. "एवढंसं होतं ओ. पोरांनीच संपवलं निम्मं. कुत्रीला कुठं एवढं घालतंय कोण."

"खोटं बोलतायत," मी म्हणाले. "पूर्ण लादी घातली. मी डोळ्यांनी बघितलंय."

"शाले," आप्पा म्हणाले, "जावयाला खोटं पाडतीस? कालेजात हेच शिकिवत्यात का?" आणि गर्दीतून कुणीतरी हसत पुरवणी जोडली, "आता कुत्र्याची डाक्टरीण व्हायची हाय ती."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते आणि दाजींकडे. पेटी अजून त्यांच्या हातातच होती. पेरभर असेल तर जनावर आपोआप सावरेल आणि एवढ्या लोकांशी वैर कशाला, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. मी त्यांना दोष देत नाही. खोट्याला जावयाचा मान होता आणि खऱ्याला फक्त मी.

तेवढ्यात आई भिंतीपासून सुटली. पदर डोक्यावर होता, पण हात बाहेर होते. ती आप्पांच्या समोरून चालत आली, हरणीपाशी उकिडवी बसली आणि वर न बघता बोलली. लग्न होऊन आल्यापासून त्या अंगणात आप्पांच्या देखत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"डाक्टर, मी चारलंय. ह्या हातानं. सगळी लादी, वरवंट्यानं फोडून, तूप घालून. पेरभर न्हाई. हे बघा, माझी नखं अजून काळी हायती. टोचा तुमी. काय व्हायचं ते माझ्यावर."

हलगी थांबली. डॉक्टरांनी पेटी उघडली. आप्पा ओरडत राहिले, पण सुई गेली. आईनं हरणीचं डोकं मांडीवर धरलं आणि भाऊंनी, हे मात्र लिहायलाच हवं, सलाईनची बाटली हात उंच करून धरली आणि आप्पांकडे एकदाही बघितलं नाही. थरथर थांबली. मला वाटलं वाचली. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमारास ती गेली.

आणि मग ज्याचा राग मला आजवर सोडत नाही ते झालं. दोन दिवसांत गोष्ट पक्की ठरली. हरणीत देव आला होता, तिनं गोड मानून नैवेद्य घेतला होता आणि सुई टोचल्यानं देव रुसून गेला, जाताना तिला घेऊन गेला. मारलं कुणी? सुईनं. सुई आणली कुणी? पोरीनं. आणि टोचा म्हणालं कोण? आईनं. चॉकलेटचं नाव कुणी घेईना. दाजी सणाचा आहेर घेऊन मोटारसायकलवर बसून गेले. आईच्या हातचा नैवेद्य बंद झाला. पुढे कधीच, मरेपर्यंत, त्या घरात तिला तळीचं ताट लावू दिलं नाही. भरीत करायला चालायची, देवापुढे ठेवायला चालायची नाही.

माझं कॉलेज बंद, असं आप्पांनी जाहीर केलं. आठवड्यानं आईनं माझे कपड्यांचे दोन जोड आणि पुस्तकं पिशवीत भरली, मला घेऊन एसटीनं निघाली आणि कासुर्डीला माझ्या मामाच्या दारात उभी राहिली. "हिला शिकव," एवढंच म्हणाली. मामानं शिकवलं. मी केडगावहून रेल्वेनं दौंडच्या कॉलेजात जायला लागले, तिथल्या सरांनी फीपासून पुस्तकांपर्यंत सगळं बघितलं, आणि मी पदवीधर झाले. त्या सगळ्यांचे उपकार माझ्या डोक्यावर आहेत. त्या तरुण डॉक्टरांचेही, ज्यांची दुसऱ्या वर्षी बदली झाली आणि मी नीट आभारसुद्धा मानू शकले नाही. पण कृतज्ञता आली म्हणून राग जातो, असं नसतं. दोन्ही एका घरात राहू शकतात, माझ्यात राहतात.

हरणीला अंगणाच्या कडेला पुरलं होतं. तिथं आधी एक दगड आला, मग त्याला शेंदूर, मग ओटा. आप्पा गेले, आई गेली, भाऊ गेले. दाजी आहेत. त्यांचं आता स्वतःचं ट्रान्स्पोर्ट आहे आणि ओट्याला फरशी आणि वर पत्र्याची शेड त्यांच्याच नावानं आहे. चंपाषष्ठीला आसपासच्या गावांतून लोक येतात. तेव्हा नाव घेत नव्हते, आता मात्र हरणीला चॉकलेट आवडायचं, अशी गोष्ट झाली आहे, म्हणून लोक चॉकलेटं वाहतात. देवाला कागदासकट कसं दाखवायचं म्हणून कागद सोलून वाहतात. आणि वस्तीवरची कुत्री ओट्याभोवती जीभ काढून बसलेली असतात.

मी दर वर्षी जाते, कापडी पिशवी घेऊन. ओट्यावरचं चॉकलेट उचलायचं, पिशवीत टाकायचं, परत येताना खड्ड्यात पुरायचं. चुलतभावाची सून सुरुवातीला म्हणायची, "आत्या, लोकांचा नवस असतोय ओ." आता म्हणत नाही. गेल्या वर्षी दाजी खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "शालन, तू अजून तेच धरून बसलीस व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. "दाजी, त्या लादीचा कागद कुठं टाकला होता?"

ते शेडच्या पत्र्याकडे बघायला लागले.

लोकांची रीघ थांबेना, म्हणून मी ओट्याच्या कडेलाच बसले आणि पिशवीचं तोंड उघडं धरलं. आलेला प्रत्येक जण मुकाट्यानं चॉकलेट माझ्या पिशवीत टाकायला लागला. मग मला कळलं, हे लोक मला इथली पुजारीण समजतायत. एका बाईनं वाकून माझ्या पायाला हात लावला आणि कपाळाला भंडारा फासला. मी पुसायला हात उचलला. आयुष्यभर फळ्यावर लिहून, समजावून, ओरडून सांगितलेलं मनात आलं. सायकल मारत जाऊन याच अंगणात डॉक्टर आणला होता आणि तेव्हा माझं कुणी ऐकलं नव्हतं, तेही आठवलं. माझा हात खाली आला.

"बाई," मी म्हणाले, "हरणीला चॉकलेट चालत न्हाई. कधीच चालत नव्हतं. पुढच्या वर्षीपासनं भाकरी आणायची. सगळ्यांना सांगायचं."

तिनं एकही प्रश्न विचारला नाही. विष म्हणजे काय, अर्क कसला, काही नाही. हात जोडलेलेच होते, मान डोलावली. इतका संताप मला आप्पांचाही आला नव्हता, जितका त्या डोलावलेल्या मानेचा आला. पण ती वळता वळता थांबली.

"कोरडी आणायची, का तूप लावून?"

"तूप लावून," मी म्हणाले.